न पाहता लिहिलेलं ‘नाही’

मित्रांनो, मला लॅबमध्ये सगळे मायक्रोस्कोप म्हणतात. पुस्तकात माझं नाव सूक्ष्मदर्शक असं लिहितात. मी आता जुना झालो आहे, एका बाजूचा काळा रंग उडाला आहे, आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा गोड बोलतात, गेलेल्या दिवसांची आठवण काढून हळव्या होतात. मला ते जमणार नाही. सांगता सांगता माझा आवाज चढला, तर समजून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगं घासणारी माणसं फारशी बोलत नसत. काच घासायची, धुवायची, उजेडाकडे धरायची आणि मनासारखी झाली नाही तर पुन्हा घासायची, असा त्यांचा दिवस जाई. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी माशीचा पंख माझ्याखाली ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. मला डब्यात घातलं तेव्हा मला वाटलं होतं, आता जगातले सगळे सुंदर पंख आपल्याला पाहायला मिळणार.

माझ्या वाट्याला आली लघवी.

हसा, मित्रांनो. सगळेच हसतात. लॅबच्या काउंटरवर मोठमोठी माणसं बाटली रुमालात गुंडाळून, चोरी करून आणल्यासारखी खाली मान घालून उभी असत. एका गृहस्थांनी तर नमुना अत्तराच्या बाटलीत आणला होता. सगळी लॅब घमघमली, आणि माझ्याखाली तेलाचे नुसते गोल गोल थेंब दिसू लागले. आमच्या डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या आणि त्यांनी त्या गृहस्थांना नवी बाटली देऊन परत पाठवलं.

या डॉक्टरीणबाईंनीच मला आणलं होतं. रोग तपासण्याचं शिक्षण घेऊन त्यांनी ही लॅब काढली, तेव्हा त्यांचे केस काळे होते. सकाळी नमुना आला की त्या तो लगेच गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालत. वरचं पाणी ओतून देत, तळाशी बसलेला साका काचपट्टीवर घेत आणि ती माझ्याखाली सरकवत. मग त्यांचा डोळा माझ्यावर टेकला की बाहेर कुणी कितीही आरडाओरडा करो, त्या जागच्या हलत नसत.

काय काय पाहिलं आम्ही दोघांनी! बंद पाकिटासारखे दिसणारे खडे पाहिले. पू झालेल्या पेशींचे पुंजके पाहिले. शेपटी वळवळवत पळणारे जंतू पाहिले. पण खरं सांगू? बहुतेक वेळा काहीच नसायचं. रिकामं मैदान असावं तसं. तरीही डॉक्टरीणबाई काचपट्टीचा कानाकोपरा फिरून येत, आणि मगच कागदावर ‘नाही’ लिहीत. त्या शब्दासाठी त्यांनी मेहनत केलेली असायची. तो ‘नाही’ वाचून घरोघरची माणसं निर्धास्त झोपत.

सगळ्यात अवघड होतं ते कांड्या शोधणं. कांड्या म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या मूत्रपिंडात असंख्य बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला केसाहून बारीक नळी असते. गाळण्यांना सूज आली की त्यांतून रक्त नळीत उतरतं, तिथेच गोठतं आणि नळीच्याच आकाराची कांडी होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. मुतखड्यामुळे रक्त आलं तर त्यात अशी कांडी नसते. म्हणून कांडी दिसली की समजायचं, दुखणं खाली नाही, थेट मूत्रपिंडात आहे. पण ही कांडी फार नाजूक असते. उजेड जास्त झाला की दिसत नाही. नमुना शिळा झाला की विरघळून जाते. तिला पाहायचं तर ताजा नमुना हवा, मंद केलेला उजेड हवा आणि पाहणाऱ्याला धीर हवा.

अशी पुष्कळ वर्षं गेली. लॅबचं नाव झालं. मग डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ कारभार पाहायला आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी रागातही सांगेन. हसतमुख होता, कामगारांच्या घरचं सुखदुःख विचारणारा होता. पण त्याला घाईचं वेड होतं. त्याने बाहेर ‘तासाभरात रिपोर्ट’ अशी पाटी लावली, आणि लॅबमधल्या सगळ्यांनी त्याचं नाव तासाभरसाहेब ठेवलं. ते नाव त्याला कळलं तेव्हा तो उलट खूश झाला.

तासाभरसाहेबांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठी शाखा काढली. डॉक्टरीणबाई तिकडे नवा मायक्रोस्कोप घेऊन बसू लागल्या. इकडे त्या आठवड्यातून एखादी चक्कर मारत, आतल्या खोलीत हिशेब पाहत आणि निघून जात. इकडचं काम एका हुशार लॅबवालीवर सोपवलेलं होतं. साका तिने पाहायचा आणि रिपोर्टवर डॉक्टरीणबाईंची सही संगणकातून उमटायची, असं ठरलं होतं.

मग पट्टीयंत्र आलं. रंगीत चौकोनांची एक पट्टी लघवीत बुडवायची आणि यंत्राच्या तोंडात द्यायची. साखर आहे का, प्रथिनं आहेत का, रक्त आहे का, ते यंत्र लगेच सांगतं. मित्रांनो, त्या यंत्रावर माझा राग नाही. ते आपलं काम चोख करतं. रक्त आहे एवढं सांगतं. ते कुठून आलं हे त्याला कळत नाही, आणि कळतं असा दावाही ते करत नाही. तो दावा माणसांनी केला.

तासाभरसाहेबांनी लॅबवालीला सांगितलं की आता साका पाहण्यात वेळ घालवायचा नाही. पट्टीवर काय येईल त्यावरून पुढचे रकाने संगणकच भरेल. रक्तपेशी, थोड्या. कांड्या, नाहीत. तिने विचारलं, न पाहताच लिहायचं का? तो हसला आणि म्हणाला की सगळीकडे असंच चालतं, तू कशाला जिवाला लावून घेतेस. तिने पुढची पट्टी बुडवली. दुसऱ्या दिवशी मला टेबलावरून उचलून कपाटावर ठेवलं.

सुरुवातीला माझ्यावर प्लास्टिकचं झाकण तरी होतं. पुढे ते कुणीतरी पंख्यावर घातलं. माझ्या अंगावर हातमोज्यांची खोकी आली, कॅलेंडरच्या गुंडाळ्या आल्या. माझ्या मानेला कुणाची तरी छत्री अडकवलेली असायची. दमटपणाने माझ्या भिंगाच्या कडेला बुरशी धरली. हे सगळं मी सोसलं असतं. जुन्या वस्तूंच्या वाट्याला येतंच. पण खाली रोज माझ्या नावावर खोटं चाललं होतं. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘सूक्ष्मदर्शक तपासणी’ असं छापलेलं असायचं. मी तर कपाटावर होतो! माझ्याखाली काचपट्टी सरकली नव्हती, मला कुणाच्या डोळ्याचा स्पर्श नव्हता, आणि माझ्या नावाखाली ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असे कागद भराभरा बाहेर पडत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

अशातच एके सकाळी गाडीबाई आली.

ती गाडी चालवायला शिकवायची. दारात लाल अक्षर लावलेली गाडी उभी करून ती आत यायची आणि आल्या आल्या सगळ्यांना हसवायची. तिच्या हाताखाली शिकलेले लोक गावभर होते, आणि कुणी चुकीचं वळण घेतलं की ती खिडकीतून त्याला नावाने हाक मारून चारचौघांत सुनवायची. त्या दिवशी ती म्हणाली की पाठ भरून येते, लघवी चहासारखी होते, डॉक्टरांनी तपासून आणायला सांगितलंय. बाटली काउंटरवर ठेवून ती शिकवायला निघून गेली.

ती बाटली खिडकीत उन्हात तशीच राहिली. दुपारी कुणाला तरी ती दिसली, पट्टी बुडवली गेली, यंत्राने रक्त आहे म्हणून सांगितलं, आणि संगणकाने पुढचं भरलं. कांड्या, नाहीत. खाली डॉक्टरीणबाईंची वळणदार सही.

तिच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि त्यांना वाटलं, खडा असणार. त्यांची चूक म्हणता येणार नाही. पाहणाऱ्याने पाहून लिहिलंय, असंच ते समजले. त्यांनी पाठीसाठी दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. सुजलेल्या मूत्रपिंडाला त्या गोळ्या म्हणजे विषच. गाडीबाई त्या नेमाने घेत राहिली, कारण त्यांनी पाठदुखी थांबायची आणि तिला दिवसभर गाडीत बसता यायचं. काही आठवड्यांनी ती पुन्हा नमुना देऊन गेली. पुन्हा तसंच झालं.

तिसऱ्या खेपेला तिची सासू आली.

बुटकी, ताठ, हातात कापडी पिशवी. आवाज मोठा नव्हता, पण काउंटरवरच्या लोकांनी आपणहून वाट दिली. तिने दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले. सुनेचे पाय इतके सुजलेत की क्लचवर पाऊल ठरत नाही, सकाळी डोळे उघडत नाहीत, काल शिकायला आलेल्या मुलीने तिला ओळखलं नाही, असं तिने सांगितलं. आणि कागद म्हणतात की विशेष काही नाही.

तासाभरसाहेब त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजावलं की आजी, रिपोर्ट बरोबर आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना भेटा.

सासू खुर्चीवर बसली नाही. ती म्हणाली, “हे पाहिलं कोणी, तेवढं सांगा. ज्याने पाहिलं त्यालाच विचारते मी.”

“आमच्या मोठ्या डॉक्टरांनी. ही बघा त्यांची सही.”

डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांची ती आठवड्याची चक्कर होती. दार अर्धवट उघडं होतं. आपलं नाव निघालेलं ऐकून त्या बाहेर आल्या, सासूच्या हातातले कागद घेतले, वाचले. मग त्यांनी लॅबवालीकडे पाहिलं आणि विचारलं, साका तूच पाहिलास ना?

लॅबवालीने नुसतं कपाटाकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. छत्री, खोकी, गुंडाळ्या, आणि त्यांच्या खाली मी. कितीतरी काळाने आमची नजरानजर झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाटलं, आता या सावरून घेतील. भावाची लाज, लॅबची लाज, स्वतःची लाज. लोक असंच करतात. कागदावर बोट ठेवून काहीतरी अवघड शब्द बोलतात आणि म्हातारीला परत पाठवतात.

त्या सासूकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मी पाहिलेलं नाही. इथे कोणीच पाहिलेलं नाही.”

तासाभरसाहेब “ताई, आत ये, आत बोलू” असं पुटपुटत होते. ताईंनी स्टूल ओढलं आणि गुडघे दुखत असूनही त्या स्वतः वर चढल्या. छत्री खाली पडली, खोकी खाली पडली. त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरवलं.

गाडीबाई बाहेर गाडीतच बसली होती, चालकाच्या नव्हे, शेजारच्या जागेवर; गाडी तिची एक शिष्या आणून लावून गेली होती. तिच्याकडून ताजा नमुना घेतला. तो यंत्रात फिरत होता तोवर डॉक्टरीणबाई माझं भिंग पुसत होत्या. बुरशी पुरती निघेना. त्या दात आवळून पुसत होत्या, आणि त्यांच्या बोटांतला राग मला काचेतून जाणवत होता. माझाही राग तेवढाच होता. शेवटी मधला भाग स्वच्छ झाला. कडेला धुकं राहिलं, ते अजून आहे.

काचपट्टी आली. उजेड मंद झाला. डोळा टेकला.

मित्रांनो, शोधावं लागलंच नाही. त्या धूसर पाण्यात तांबूस कांड्या पडल्या होत्या. एक इथे, एक पलीकडे, एक मोडलेली, एक अखंड. आत रक्तपेशी खचाखच भरलेल्या. ताज्या नमुन्यात त्या पहिल्या दिवशीही दिसल्या असत्या. एक काचपट्टी सरकवायचा अवकाश होता.

डॉक्टरीणबाईंनी डोळा उचलला आणि भावाला म्हणाल्या, “बघ.”

तो वाकला. “काहीतरी तांबडं दिसतंय, ताई.”

“तिचं मूत्रपिंड सुजलंय. तिकडून आलंय ते. आणि आपण तिला दोनदा लिहून दिलं, नाही म्हणून.”

सासूला त्यांनी सगळं सरळ सांगितलं. गोळ्या आजपासून बंद, आणि आत्ताच्या आत्ता मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे. सासूने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग आधी का नाही पाहिलं?” डॉक्टरीणबाईंनी पर्स उचलली आणि गाडीबाईची गाडी स्वतः चालवायला बसल्या. पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं. रस्ताभर गाडीबाई सुजलेल्या डोळ्यांनी त्यांना सांगत होती, क्लच पूर्ण दाबा मॅडम, गिअर असा ओढू नका, गाडी आहे, दाराची कडी नाही. मागे बसलेली सासू सुनेच्या खांद्यावर हात ठेवून होती.

गाडीबाई वाचली. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, जोरदार औषधं सुरू झाली, महिनाभर ती रुग्णालयात होती. सूज उतरली. पण मूत्रपिंडाचा जो भाग मधल्या काळात गेला, तो गेलाच. तो परत येत नसतो. आता ती सकाळी थोडा वेळ शिकवते आणि दुपारी आडवी होते. मीठ मोजून, गोळ्या मोजून खाते. पूर्वीसारखी खिडकीतून कुणाला हाक मारत नाही, तेवढा श्वास तिला पुरत नाही.

सासू एकदा लॅबमध्ये येऊन गेली. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि माफी मागू लागल्या. तिने हाताने थांबवलं. म्हणाली, “तुम्ही खरं बोललात, ते मी विसरणार नाही. पण उशीर केलात, तेही विसरणार नाही.” आणि पिशवी उचलून निघून गेली. तिने आभार मानले नाहीत याचं मला फार बरं वाटलं. मानायला नकोच होते.

आता तासाभरसाहेबांबद्दल. ते रडले, हे खरं. पण चार दिवसांनी डोळे पुसून म्हणाले की ताई, एक चूक झाली, आता ती मिटली, रोज एवढे नमुने येतात, सगळे बसून कोण पाहणार? त्यावर डॉक्टरीणबाई इतक्या चढ्या आवाजात बोलल्या की काउंटरवरचे लोक आत डोकावले.

“हिची सासू भांडायला आली म्हणून कळलं. ज्यांच्या घरातून कोणी भांडायला आलंच नाही, त्यांचं काय?”

त्यांनी त्याच दिवशी संगणकातून आपली सही काढून टाकली. बाहेरची पाटी उतरवली. भाऊ रागावून पलीकडच्या शाखेत गेला, आणि दोघं भावंडं अजून एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. त्या इकडे परत आल्या. लॅबवालीला शेजारी बसवून त्यांनी पुन्हा साका पाहायला लावला. पहिल्या दिवशी ती माझ्यावर वाकली तेव्हा तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या भिंगावर पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी ते पूस, मग पाहा.

आणि ज्यांच्या पट्टीवर रक्त आलं होतं, त्या सगळ्यांना फोन करून पुन्हा बोलावलं. पुष्कळ जण आले. काही जण चिडले, काही जणांनी शिव्या दिल्या, त्या डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून ऐकल्या. बहुतेकांचं काही नव्हतं. काहींचं होतं, ते वेळेवर हाती लागलं. पण काही फोन उचललेच गेले नाहीत. काही नंबर बंद होते. ती माणसं कुठे आहेत, कशी आहेत, आम्हाला ठाऊक नाही. त्यांच्या घरात माझ्या नावाचा खोटा कागद अजून कुठल्यातरी खणात जपून ठेवलेला असेल, सगळं ठीक आहे म्हणून. मित्रांनो, माझा राग जात नाही तो यामुळे. जावा असं मला वाटतही नाही.

माझी एक विनंती आहे. मला रोज पुसा, दमट जागी ठेवू नका, माझ्यावर छत्र्या टांगू नका, हे तर आहेच. पण मला सांगायचंय ते निराळंच. तुम्ही मोठे व्हाल. कुणी पूल तपासाल, कुणी औषध, कुणी विहिरीचं पाणी. एक दिवस तुमच्यासमोर रिकामी चौकट येईल, वर घाईत असलेला कोणी साहेब उभा असेल, आणि बोट आपोआप ‘नाही’ लिहायला जाईल. तेव्हा पाहिलं असेल, तरच ‘नाही’ लिहा. वेळच मिळाला नसेल, यंत्र बिघडलं असेल, कंटाळा आला असेल, तर तसं लिहा: ‘पाहिलं नाही’. लाज वाटेल, साहेब ओरडेल, लिहा तरीही. ते वाचून माणूस निदान दुसरीकडे जाऊन विचारेल. गाडीबाईच्या कागदावर एवढे दोन शब्द असते, तर तिची सासू दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दुसऱ्या लॅबच्या दारात उभी राहिली असती.